गाडीसाठी सोडलेली जागा

कार्तिक वद्य नवमी, रविवार, सकाळ. तिवारीजींच्या पंचांगात अगहन लागला आहे. मामी अजून आपलेच पंचांग धरते. जागा: झाशीच्या सीपरीतल्या घरातली तुझी बाहेरची खोली.

हजर: कमलमामी. मुकुंद, तुझा मुलगा, इंदूरहून आलेला, उद्या परत जाणारा. तिवारीजी, "हम बजाएँगे नहीं" असे दारातच सांगून क्लॅरिनेट मात्र घेऊन आले. मी, तुझी भाची शालू, यादीसह.

उशिरा आलेले: कोणी नाही. दत्तूमामा, आपल्या नाटकाच्या कुठल्याही तालमीला हे घडलेले मला आठवत नाही.

काल तुझा तेरावा झाला. गाद्या मंडळाला परत गेल्या. पातेली हलवायाकडे पोचली. एक झाकण सापडत नाही, ते मी बघते. तुझी न उघडलेली औषधे दवाखान्यात दिली. भेटायला येणाऱ्यांना चहा, त्यांच्या पोरांना बिस्किटे, बाहेर त्यांच्या चपलांची राखण, सगळे झाले. रेल्वे स्टोअर्समधल्या नोकरीने मला वस्तू देणे-घेणे शिकवले आहे, ते अशा वेळी उपयोगी पडते. पण एकेका ओळीवर खूण करताना वाटत राहिले की तू चष्मा कपाळावर चढवून येशील आणि म्हणशील, "शालू, सगळं आहे गं यादीत. बसायचं कुठे लिहिलंयस?" तर आज बसले. बसले तेव्हा कळले की गुडघे केव्हाचे बोलत होते.

आजच्या बैठकीचा विषय एकच होता. मुकुंदला तुझ्या वर्षश्राद्धापर्यंत तुझ्या संगीताची एक कॅसेट काढायची आहे. नाटकांतले काही, सिनेमांतले काही. बाकी सगळे ठरले. अडले ते मुलाची वाट बघणाऱ्या आईच्या त्या नाटकाच्या शेवटावर. तिथे क्लॅरिनेट वर चढत जाते आणि मधेच थांबते, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"शालूताई, तू ही बता," मुकुंद म्हणाला, "इतनी देर चुप्पी कौन सुनेगा? लोकांना वाटेल कॅसेट खराब आहे. दुकानात परत आणून देतील."

मुलगा चुकीचे बोलत नव्हता. तुझ्या संगीताबद्दल ज्याला पहिल्यापासून ठाऊक नाही, त्याला असेच वाटणार.

ज्याला ठाऊक नाही, त्याला कसे सांगायचे, हे मी कालपासून मनात जुळवते आहे. तुला सांगून बघते. चुकले तर तू टोकणार नाहीस, हीच अडचण आहे.

रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल यार्डाला लागून. नायिकेने रडायला घेतले की शंटिंगचे इंजिन शिटी मारायचे. बापाने पोराला घराबाहेर काढले की मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत जायचे आणि प्रेक्षक हसायचे. दिग्दर्शक कपाळाला हात लावत. कुणी खिडक्यांना रजया लावून पाहिल्या, कुणी यार्डमास्तरांना अर्ज केला. तू यार्डात नंबर टेकर होतास. दिवसभर उभ्या गाड्यांच्या कडेने चालत डब्यांचे नंबर टिपून घ्यायचे, हे तुझे काम. कुठली गाडी कधी, कुठून, कशी ओरडत येते हे तुला तोंडपाठ. नाटकाचे संगीत तुझ्याकडे आले तेव्हा तू म्हणालास, "गाडीला आपण थांबवू शकत नाही. मग तिला कामाला लावू."

आणि लावलीस. संगीतात तू गाडीसाठी जागा सोडायला लागलास. क्लॅरिनेट एका सुरावर येऊन थांबायचे आणि तोच सूर बाहेरून इंजिन उचलायचे. पहिल्यांदा हॉलमध्ये ते झाले तेव्हा मी सतरा कामे सोडून विंगेत उभी राहिले होते. तुला तेव्हा सांगितले नाही, कारण तू लगेच विचारले असतेस की मग पडदेवाला कुठे आहे.

पण गाडी कामाला लावली म्हणजे तिची हजेरीही घ्यावी लागते. ते काम माझ्याकडे आले. पडदा घड्याळावर उघडायचा नाही, मेलगाडीवर उघडायचा. मेल दतियाहून कधी निघेल ते धरून मागे मोजत यायचे: शेवटचा प्रवेश कधी, मधला कधी, पहिली घंटा कधी. इन्स्टिट्यूटच्या ऑफिसातल्या रेल्वेच्या फोनवरून मी गाड्यांच्या कंट्रोलला विचारायची.

"भैया, मेल कहाँ तक आई?"

"बहनजी, अभी ग्वालियर में खड़ी है। हीरोइन से कहिए, आराम से साड़ी बाँधे।"

सगळ्या झाशीला हे माहीत झाले होते. लोक घरून निघण्याआधी नाटकाची वेळ नाही, मेलची वेळ विचारत. तिवारीजी क्लॅरिनेटची पत्ती ओली करत विंगेतून मला विचारायचे, "काए बिन्नू, मेल कां लौं आई?" मेल फारच लेट असली तर मध्यंतर लांबायचे आणि बटाटेवडे संपायचे. दुसऱ्या कुठल्या गावात नाटक असे चालत असेल, असे मला वाटत नाही. आम्हाला मात्र ते इतके साहजिक झाले होते की नाटक असेच असते, असेच वाटे.

म्हणून नागपूरला जे झाले ते झाले.

आईचे नाटक आपल्या मंडळाने स्पर्धेला नेले. कपडेपट, दाढ्या-मिशा, तुझी पेटी, तिवारीजींच्या जादा पत्त्या, बड़ा बाज़ारातून आणलेला तो पितळी कंदील, सगळे गाडीत चढले आणि सगळे उतरले. काही राहिले नाही. नागपूरचा हॉल नवा होता, जाड भिंतींचा, दारांना पडदे. तालमीच्या वेळी तू आत शिरून एक टाळी वाजवलीस आणि म्हणालास, "वा, काय शांतता आहे!" आम्ही सगळे म्हणालो, वा. एवढ्या माणसांतल्या एकाच्याही डोक्यात आले नाही.

शेवटचा प्रवेश. मुलाची वाट बघणारी आई, म्हणजे आपली मामी, दाराशी उभी. लेक विचारते, दार उघडं ठेवू का? क्लॅरिनेट चढत गेले आणि थांबले. इथे मेल शिटी मारत येणार, खडखडत निघून जाणार, तिचा आवाज विरला की आई म्हणणार, "दार लोटून घे."

मेल आली नाही. कशी येणार? रूळ तिथून किती लांब होते देव जाणे.

मी विंगेत तुझ्या मागे, संहिता हातात. तू खाली बसलेला, पेटी पुढ्यात. मला फक्त तुझी पाठ दिसत होती. भात्यावरचा हात तू काढून घेतला होतास. मी दातओठ खात म्हणाले, "मामा, काहीतरी वाजव!" तू वळलासही नाहीस. तिवारीजींनी माझ्याकडे बघितले, मी त्यांच्याकडे. रंगमंचावर मामी दाराकडे बघत उभी. हॉलमध्ये कुणाचा खोकलाही नाही. मी मनात हिशेब मांडला की पडदा पाडावा, आणि दोरीकडे हात नेला, एवढ्यात मामी बोलली. "दार लोटून घे."

बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी संगीत अपुरे वाटले असे म्हटले. पण मागे येऊन एक हिंदी सिनेमा काढणारा माणूस उभा राहिला. त्याने विचारले, "आख़िर में वह ख़ामोशी किसने लिखी?"

तू म्हणालास, "मैंने।"

परतीच्या गाडीत मी तुला सोडले नाही.

"लिहिली? तू लिहिलीस? मामा, तिथे मेल होती. मेल आली नाही. चुकीला तू नाव दिलंस."

"आधी चूक होती," तू शेंगा फोडत म्हणालास. "मग माझी झाली."

"कधी झाली? त्यानं विचारल्यावर?"

"तू ना शालू, देवानं पृथ्वी केली तेव्हा असतीस तर पावती मागितली असतीस."

मामी खिडकीशी झोपल्याचे सोंग करून हसत होती. भांडण तिथे थांबले, संपले नाही. पुढे कितीतरी वर्षे ते आपण शिळ्या पोळीसारखे कुस्करून खाल्ले, कधी गुळाबरोबर, कधी तिखटाबरोबर.

कारण त्या "मैंने" वर तुझे पुढचे सगळे उभे राहिले. त्या माणसाने तुला मुंबईला बोलावले. रजा साठवायची, पास काढायचा, जायचे, त्याच्या सिनेमाचे पार्श्वसंगीत करायचे आणि गणपतीच्या तालमींना परत यायचे. स्टुडिओतले वादक तुझ्यावर खूश असत, कारण तू त्यांना वाजवण्यापेक्षा थांबायला जास्त लावायचास. तुझा पहिला सिनेमा इथे लागला तेव्हा आपण सगळे गेलो होतो. मामीने अर्ध्यातच विचारले, "अहो, तुमचं संगीत कुठंय?" तू म्हणालास, "आत्ताच होऊन गेलं." मागच्या रांगेतून कुणीतरी शूक् केले.

एका सिनेमात तुझ्या मोकळ्या जागा त्यांनी व्हायोलिनने भरून टाकल्या. तुला न विचारता. तू परत आलास, पेटीवर चादर टाकलीस आणि कुणाशी बोलला नाहीस. तेव्हा मी, पहिल्यांदाच, भांडले नाही. जेवायला वाढले आणि बाजूला बसले. तू म्हणालास, "भरायला काय, कोणीही भरतं." एवढेच.

माझे काय म्हणणे होते, ते आज नीट सांगते. तू खोटारडा होतास असे मला कधीच वाटले नाही. मला एवढेच वाटायचे की गाडीची जागा गाडीचीच. ती येत नसेल तर ती रिकामी आहे, पोकळ आहे, आणि तिला मोठे नाव देणे हा सिनेमावाल्यांचा धंदा आहे, तुझा नव्हे. तू तर उन्हात डब्यांचे नंबर टिपणारा माणूस. जे आहे ते लिहायचे, नाही ते नाही. तुझ्याकडूनच शिकले होते हे मी.

इंजिने बदलली तसे तू सूर बदललेस. वाफेचे गेले, डिझेलचा भोंगा आला, मग विजेचा. प्रत्येक वेळी आईच्या नाटकाचे क्लॅरिनेट नव्या सुरावर आणून थांबवायचास. तिवारीजी चिडायचे, "इंजन बदले सरकार, और होंठ छिलें हमारे!" पण करायचे. गेल्या काही वर्षांत हॉलमध्ये नाटकेही कमी झाली. पोरांना मराठी समजते, बोलता येत नाही, मग संवाद कोण पाठ करणार. तू ओसरीवर बसून येणारी-जाणारी गाडी ऐकायचास आणि काही बोलायचा नाहीस. मी समोर बसून भाजी निवडायची. अशा संध्याकाळींसाठी मी तुझी फार ऋणी आहे, मामा. आपण दोघेही काही करत नव्हतो, आणि मला ते यादीत लिहावेसे वाटत नव्हते.

शेवटी शेवटी मुकुंदने कॅसेटचा विषय काढला तेव्हा तू डोळे मिटूनच म्हणालास, "ते शालूला विचारा."

हे बरे नव्हे. वाजवणारे तिवारीजी, मुलगा मुकुंद, बायको मामी, आणि विचारायचे मला? ज्या एका जागेवरून मी तुझ्याशी जन्मभर भांडले, तिचा निकाल तू माझ्याच हातात देऊन गेलास. जागा मोकळी ठेवा म्हटले तर तुझे खरे ठरते. गाडी भरा म्हटले तर माझे खरे ठरते, पण समोर तू नाहीस. अशी जिंकलेली बाजी घेऊन मी काय करू?

तर आजची बैठक.

तिवारीजींनी हॉलमध्ये प्रयोग चालू असताना केलेले जुने टेप आहे. त्यात क्लॅरिनेट छान आहे. मेल मात्र आली की नुसती खरखर होते, माइकला ती पेलली नाही. मुकुंदने तीन वाटा सांगितल्या. जागा कापून टाकायची आणि पुढचे मागच्याला जोडायचे. किंवा इंदूरच्या स्टुडिओत इंजिनांच्या शिट्या मिळतात, त्यातली एक बसवायची. किंवा रिकामे ठेवायचे.

"कौन सा इंजन?" तिवारीजींनी विचारले.

"कोई भी, काका। रेल तो रेल है।"

तिवारीजींनी दोन्ही कानांना हात लावले. "कोई भी! तेरे बाप ने सुन लिया होता तो आज फिर मरते।"

मामी एकदम हसली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "शालू, तू काय ठरवलंस?"

मी म्हटले, "मामी, मला अजून तेच वाटतं. नागपूरला ती शांतता कोणी लिहिली नव्हती. गाडी आली नाही, तू अडकलीस, आणि मग तुलाच काय ते सुचून तू बोललीस. सुटलो आपण."

मामीने विचारले, "मी अडकले होते?"

"नाही?"

"अगं, मी ह्यांच्याकडे बघत होते. दाराकडे नाही. दार आणि विंग एकाच बाजूला होती, प्रेक्षकांना वाटलं दाराकडे बघतेय. गाडी नाही म्हटल्यावर मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी हात असा छातीशी धरला होता." मामीने पंजा उघडून छातीपुढे धरला, जसे लहान मुलाला रस्ता ओलांडताना थांबवतात. "थांब, म्हणत होते. मग थांबले मी. एकदा तोंड उघडलं, तर डोळ्यांनीच म्हणाले, अजून नाही. आणि मग हात खाली घेतला, तेव्हा बोलले."

तिवारीजी मान हलवत होते, म्हणजे त्यांनाही हे आजच कळत होते.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणाले.

"ह्यांनी सांगू दिलं नाही. म्हणायचे, भांडू दे तिला. दुसरं कोण भांडतंय माझ्याशी ह्या गावात? सगळे मास्टरजी, मास्टरजी करतात."

मी उठून आत गेले आणि पाणी प्याले. मामा, मी तुझ्या मागेच उभी होते. हातभर अंतरावर. तू त्या हॉलमध्ये पेटी न वाजवता मामीला वाजवत होतास, आणि मला फक्त पाठ दिसत होती. तरीही अर्धा मुद्दा मी सोडत नाही. गाडीचा विसर पडला होता, हे तुलाही मान्य करावे लागेल. पण "मग माझी झाली" हे तू शेंगा फोडत सांगितलेस ते खरे होते. तुला कोणी विचारण्याआधीच ती तुझी झाली होती.

बाहेर येऊन मी मुकुंदला सांगितले, कापायचे नाही, दुसऱ्या कुठल्या इंजिनाची शिटी घालायची नाही. जागा मोकळी राहील.

"लोग कॅसेट वापस कर देंगे, ताई।"

"कव्हरवर छापू, कॅसेट चांगली आहे म्हणून."

"ठीक. पण किती मोकळी?" त्याने विचारले. "स्टुडिओवाला विचारेल. काहीतरी लांबी सांगावी लागेल ना."

हे मला सुचलेच नव्हते. हॉलमध्ये जागेची लांबी मेल ठरवायची. लांब गाडी, लांब जागा. नागपूरला तू ठरवलीस, हाताने, आणि ती पुन्हा कधी वाजली नाही. टेपवर नाही, कागदावर नाही. मी मामीला विचारले, किती वेळ थांबली होतीस?

"ते कसं सांगू? हे थांब म्हणत होते तोवर."

"अंदाजे, आई," मुकुंद म्हणाला.

"अंदाजानं नव्हतं ते."

मग मीच व्यवस्था मांडली. तिवारीजी शेवटचा तुकडा वाजवतील, मामी दाराशी उभी राहील, जमेल तेव्हा वाक्य म्हणेल, मी घड्याळ धरीन. तिवारीजींनी बजाएँगे नहीं म्हटले होते ते विसरून क्लॅरिनेटची पेटी उघडली, तुकडे जोडले, पत्ती ओठांत धरली. मामी उठली. दारापर्यंत गेली. विंग असायची त्या बाजूला तिने पाहिले. तिथे मी घड्याळ घेऊन उभी होते.

"आज नको गं," ती म्हणाली.

तिवारीजींनी क्लॅरिनेट सोडवून परत पेटीत ठेवले. मुकुंद आपले सामान आवरायला आत गेला. मी मामीला चहा करून दिला आणि यादीत लिहिले: आईचे नाटक, शेवट. जागा ठेवायची. किती, ते मामीकडून. बाकी.